इंग्लंडातल्या गावाकडच्या आणि समुद्राकाठच्या पबांची ट्रिप: या चुका टाळा

लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅमला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींचा पहिला लाँग वीकेंड आला की बेत ठरतो. सात-आठ जण, दोन गाड्या, कॉर्नवॉल नाहीतर यॉर्कशर, आणि वाटेत एखाद्या गावातला जुना पब. बेत उत्तमच आहे. दगडी भिंती, डोक्याला लागेल इतकं बुटकं छत, पेटलेली शेकोटी, खिडकीबाहेर मेंढ्या नाहीतर समुद्र. इंग्लंड जवळून बघायचं असेल तर अशा पबात एक निवांत दुपार काढाच.

पण असे बेत फसतानाही मी पुष्कळ बघितलेत, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. शहरातली सवय घेऊन माणसं गावात जातात. शहरात केव्हाही बाहेर पडा, काहीतरी उघडं असतं, खायला मिळतं, परतायला गाडी मिळते. गावातला पब स्वतःच्या वेळेने चालतो. किचन कधी बंद होतं, शेवटची बस कधी सुटते आणि किनाऱ्यावर असाल तर भरती कधी येते, यावर तिथला दिवस बेतलेला असतो. ट्रिप आखताना आधी या तीन वेळा लिहून काढा आणि मग बाकीचं ठरवा.

पब उघडा म्हणजे जेवण मिळणार असं समजणं

सगळ्यात जास्त बेत इथेच फसतात. दार उघडं आहे, दिवे लागलेत, माणसं बसलीत, पण किचन दोन वाजता बंद झालंय आणि आता अडीच वाजलेत. गावातल्या बऱ्याच पबांत दुपारचं जेवण १२ ते २ किंवा अडीच, आणि रात्रीचं ६ ते साडेआठ-नऊ एवढ्याच वेळात मिळतं. मधे प्यायला मिळेल, खायला मात्र वेफर्सची पाकिटं. रविवारचा हिशोब आणखी वेगळा. दुपारी रोस्टचं, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण असतं, तेही संपेपर्यंतच. चार-पाच वाजता किचन बंद होतं ते कित्येक ठिकाणी थेट बुधवारी उघडतं, कारण सोमवार-मंगळवार सुट्टी. काही पब तर त्या दोन दिवशी दारच उघडत नाहीत.

यात कुणाचा आळस नाही. अशा ठिकाणी बऱ्याचदा एकच स्वयंपाकी असतो, त्याच्या हाताखाली गावातलं एखादं कॉलेजला जाणारं पोर. मासळी आणि मांस माणसांचा अंदाज घेऊन आणलेलं असतं. गुहागर-मालवणकडे घरगुती खानावळीला आपण सकाळीच फोन करतो, "आठ जण आहोत, तिघं शाकाहारी, दीडपर्यंत पोचतो." इथेही नेमकं तेच करायचं. कोकणात हे कुणी शिकवावं लागत नाही, इंग्लंडात मात्र आपण फोनवर "ओपन" एवढं बघून निघतो. नकाशावर दिसते ती पबची वेळ, किचनची नव्हे. त्या दिवसापुरते बदल पबच्या फेसबुक पानावर आधी कळतात, पण खात्री हवी असेल तर फोनच करा.

फोनवर आकडा खरा सांगा. चौघांचं बुकिंग करायचं आणि आठ जणांनी दारात उभं राहायचं, ही आपल्याकडची "बघू, होईल काहीतरी" वृत्ती तिथे चालत नाही, कारण टेबलं मोजकी असतात. सहा-आठच्या वर माणसं असतील तर काही पब थोडे पैसे आधी मागतात किंवा कोण काय खाणार याची यादी आदल्या दिवशी मागतात. द्या. यादी दिली की सगळ्यांची ताटं एकत्र येतात, नाहीतर पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा शेवटच्याचं येतं. किचन शेवटची ऑर्डर किती वाजता घेतं, गाड्या कुठे लावायच्या आणि कार्ड चालतं का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. उशीर होतोय असं दिसलं की मोटरवे सोडायच्या आधीच कळवा. पुढे दऱ्याखोऱ्यांत फोनला रेंज मिळेलच असं नाही.

आणि उशीर झालाच तर? काउंटरवर जाऊन शांतपणे विचारा की थंड काही मिळेल का. स्वयंपाकी घरी गेलेला असला तरी प्लाउमन्स लंच, म्हणजे ब्रेड, चेडर चीजचा जाड तुकडा, लोणचं आणि कांदा, एवढं बारमागचं माणूस कधीकधी करून देतं. तेही नसेल तर गावातलं फिश अँड चिप्सचं दुकान कुठे आहे आणि संध्याकाळी किती वाजता उघडतं ते विचारा. बागेत बसून बाहेरचं खाल्लं तर चालेल का, हेही विचारून घ्या. काही मालक आनंदाने हो म्हणतात. सुपरमार्केटच्या भरवशावर रविवारी राहू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठी दुकानं रविवारी कायद्यानेच सहा तास उघडी असतात, साधारण दहा ते चार किंवा अकरा ते पाच.

परतीचा विचार पबात बसल्यावर करणं

रात्री दहाला ॲप उघडून टॅक्सी शोधायची आणि पडद्यावर एकही गाडी दिसू नये, हे डेव्हन-डॉर्सेटच्या गावांत नेहमीचं आहे. तालुक्याच्या गावी एखाददुसरा टॅक्सीवाला असतो आणि शनिवारी रात्री त्याचं बुकिंग आठवडाभर आधीच झालेलं असतं. बस संध्याकाळी सहा-सातला संपते, रविवारी कित्येक मार्गांवर नसतेच. ट्रॅव्हलाइन या बस-वेळापत्रकांच्या सेवेवर शेवटच्या बसची वेळ बघा, आणि आपल्याला जमते का तेही बघा. नसेल जमत तर टॅक्सी दुपारीच ठरवा. टॅक्सीवाल्याचा नंबर पबवाल्यांकडे हमखास असतो, आत शिरल्या शिरल्या मागून ठेवा.

गाडी आपली असेल तर मग चालवणारा कोण हे निघतानाच ठरलं पाहिजे, आणि त्याने एक थेंबही घेऊ नये. "इथे एक पिंट (मोठा ग्लासभर बिअर) चालते" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, त्यावर विसंबू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, भारतात ती ३० आहे, त्यामुळे इथे बरीच सूट आहे असं वाटतं. पण ८० म्हणजे नक्की किती ग्लास हे माणसाच्या वजनावर, पोटात काय आहे त्यावर आणि बिअर किती कडक आहे त्यावर ठरतं. शिवाय सीमा ओलांडून स्कॉटलंडमध्ये गेलात की मर्यादा ५० होते. पकडले गेलात तर किमान वर्षभर गाडी चालवायला बंदी, दंड, तुरुंगाचीही तरतूद, आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात हा गुन्हा लिहावा लागतो तो वेगळाच. आदल्या रात्री भरपूर झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीही गाडी त्याच्या हातात देऊ नका.

चालवणाऱ्याला रात्रभर कोकवर बसवायचीही गरज नाही. बहुतेक ठिकाणी बिनअल्कोहोलची बिअर मिळते, लाइम अँड सोडा स्वस्त असतो, आणि त्याच्याकडून राउंडचे, म्हणजे आळीपाळीने सगळ्यांसाठी पेयं आणायचे, पैसे घ्यायचे नाहीत ही साधी रीत आहे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पबच्या वरच्या खोल्यांतच मुक्काम. जुन्या इनमध्ये चार-सहा खोल्या असतात आणि सकाळचा नाश्ता पोटभर असतो. मात्र वीकेंडला बऱ्याच ठिकाणी दोन रात्रींचं बुकिंग घ्यावं लागतं, आणि ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारची बँक हॉलिडे असेल तर जागा महिनोन्महिने आधी जातात.

रस्त्यांबद्दल एक गोष्ट. डेव्हन-कॉर्नवॉलच्या गल्ल्या एका गाडीपुरत्या असतात, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने रिव्हर्स घ्यायचा. ज्याला रिव्हर्स जमत नाही त्याला तिथे चालवायला बसवू नका. आणि चालत फिरून पबला जायचं असेल तर हिवाळ्यात सूर्यास्ताकडे लक्ष ठेवा. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो आणि शेतातल्या पायवाटेला दिवे नसतात. प्रत्येकाकडे टॉर्च हवा.

भरती-ओहोटी न बघता किनाऱ्यावर जाणं

समुद्राकाठच्या पबांमध्ये ही चूक सगळ्यात धोक्याची. नॉर्थम्बरलँडमधल्या होली आयलंडचं, म्हणजे लिंडिसफार्नचं उदाहरण घ्या. बेटावर जायला समुद्रातून डांबरी रस्ता आहे आणि दिवसातून दोनदा तो पूर्ण पाण्याखाली जातो. बेटावर चांगले पब आहेत, जेवण रंगतं, गप्पा रंगतात, आणि "अजून रस्ता कोरडाच दिसतोय" म्हणून निघालेली गाडी मधल्या पुलापाशी पाण्यात अडकते. दरवर्षी लोक अडकतात, आणि त्यांना काढायला लाइफबोट जाते. सुरक्षित वेळांचं वेळापत्रक काउंटी कौन्सिलच्या वेबसाइटवर आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना लावलेलं असतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या महिन्यात गेलेल्या मित्राने सांगितलेली वेळ उपयोगाची नाही. आपल्या तारखेची वेळ फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि शेवटच्या वेळेच्या तासभर आधी बिल मागा.

रस्त्यावर पाणी दिसलं तर गाडी घालू नका, मागे फिरा आणि बेटावरच थांबा. मधेच अडकलात तर गाडीचा मोह सोडा. रस्त्यालगत खांबांवर उभी केलेली आसऱ्याची खोली आहे, तिच्यात चढा आणि ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागा.

हाच नियम लहान खाड्यांनाही लागू. जाताना वाळूवरून चालत पबला गेलात म्हणून येतानाही वाळू असेलच असं नाही. वरून जाणारी वाट आधीच बघून ठेवा. बोटी उतरवायच्या उतारावर गाडी लावू नका, मग तिथे कितीही मोकळी जागा असो.

पार्किंगचाही इथेच विचार करा. यॉर्कशरच्या रॉबिन हूड्स बेमध्ये बे हॉटेलचा पब अगदी पाण्याला लागून आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून सुमारे ३०० किलोमीटर चालत आलेले कोस्ट टू कोस्ट या पायवाटेचे वाटसरू तिथेच येऊन पिंट घेतात. पण गाड्या वर, डोंगराच्या माथ्यावर लावायच्या आणि खाली चालत जायचं, उतार चांगलाच तीव्र आहे. नॉर्थम्बरलँडमधल्या लो न्यूटन गावच्या शिप इनचंही तसंच, गाड्या टेकडीवर. आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर ही माहिती आधी हवी.

समुद्राची वेळ पाळली तर ती मजाही देते. स्कॉटलंडमध्ये फाइफच्या ईली गावात शिप इन नावाचा पब आहे, त्यांची स्वतःची क्रिकेट टीम आहे आणि मैदान म्हणजे पबसमोरची वाळू. सामने उन्हाळ्यात, ओहोटीच्या वेळेनुसार. पबच्या बागेत बसून सामना बघता येतो. जुहू-दादरला वाळूत क्रिकेट खेळून वाढलेल्या माणसाने तारीख बघून तिथे जायलाच हवं.

काउंटरवरच्या चुका

टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. बहुतेक पबांत पेय काउंटरवर जाऊन मागायचं, पैसे तिथेच द्यायचे आणि ग्लास आपणच घेऊन यायचे. जेवणही बऱ्याच ठिकाणी तिथेच सांगायचं, टेबलाचा नंबर बघून. आठच्या आठ जणांनी काउंटरवर गर्दी करायची नाही. दोघं जा, बाकीच्यांनी बसा. चुटकी वाजवणं, नोट हलवणं, "एक्सक्यूज मी" असं ओरडणं, यातलं काही करू नका. कोण आधी आलं हे बारमागच्या माणसाच्या बरोबर लक्षात असतं. तुमच्याआधी आलेला कुणी बाजूला उभा असेल आणि तुम्हाला विचारलं गेलं, तर "त्यांचा नंबर आधी" असं सांगा. या एका वाक्याने सगळा पब तुमच्याशी गोड वागेल.

वय विचारलं तर रागवू नका. १८ पूर्ण हवीत, आणि पंचविशीच्या आतले वाटलात तरी ओळखपत्र मागायची पद्धत आहे. आधारकार्डाचा इथे उपयोग नाही. पासपोर्ट किंवा ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा.

मग येतो पैशांचा प्रश्न. आपल्याकडे टीटीएमएम किंवा शेवटी कॉन्ट्री. इंग्लंडात राउंड: एकाने सगळ्यांचं आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. तिघं-चौघं असाल तर ही रीत छान आहे. आठ जणांत मात्र राउंड पूर्ण करायचा म्हणजे आठ पिंट, ते कुणीही करू नये. मोठ्या गटात तिघा-चौघांचे लहान गट करा किंवा सगळ्यांनी मिळून एक रक्कम काढून एकाच्या हातात द्या. न पिणाऱ्याने राउंडमध्ये अडकायचं कारण नाही, आणि त्याला आग्रहही करायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे सहा जणांचे आठ पेयांचे सहा वेगळे कार्ड व्यवहार, मागे रांग खोळंबलेली असताना. टिपची काउंटरवर अपेक्षा नसते. टेबलावर जेवण आणून दिलं असेल तर बिलात सर्व्हिस चार्ज धरलाय का बघा आणि मग ठरवा.

आता बिअर. काउंटरवर लांब लाकडी दांड्याचे पंप दिसतील, त्यातून येते ती कास्क एल, इंग्लंडची पारंपरिक बिअर. तळघरातल्या पिंपात ती शेवटपर्यंत आंबत, मुरत असते. बारमागचं माणूस दांडा सावकाश स्वतःकडे ओढतं, सोडतं, परत ओढतं, आणि दोन-तीन ओढींत ग्लास भरतो. ती ११ ते १३ अंशांवर द्यायची असते, म्हणजे आपल्याकडच्या बर्फगार बिअरइतकी थंड नाही, आणि तिला बुडबुडेही कमी. "गरम आणि शिळी आहे" अशी तक्रार घेऊन परत जाणं ही आपल्या लोकांची ठरलेली चूक. तिच्यातला हॉप्सचा आणि माल्टचा स्वाद त्याच तापमानाला कळतो. १९७१ मध्ये चार इंग्लिश मित्रांनी ही बिअर वाचवायला कॅमरा ही संस्था काढली नसती, तर ती आज बहुधा दिसलीच नसती. नकोच असेल तर शेजारी लागर, म्हणजे आपल्या ओळखीची थंड बिअर असते, ती मागा. एल घेऊन बघायची असेल तर आधी चाखायला मागा, घोटभर फुकट देतात. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, अर्धी घेण्यात काही कमीपणा नाही.

खरोखरच बिअर बिघडली असेल तर ओळखायचं कसं? व्हिनेगरसारखा आंबट वास आला किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागली तर बिघडली आहे. नुसती गढूळ असेल तर बिघडलेली असेलच असं नाही; काही एल मुद्दाम गढूळच ठेवतात. शंका आली की दोन घोटांतच काउंटरवर जा, हळू आवाजात सांगा. बदलून देतात. तीन चतुर्थांश संपवून तक्रार केली तर कुणी ऐकणार नाही. फेस फार असेल तर "टॉप अप" मागा.

सायडरला सफरचंदाचा ज्यूस समजू नका. इंग्लंडातल्या सायडरमध्ये दारू असतेच, बहुतेकदा बिअरइतकी किंवा जास्त, आणि सॉमरसेटची स्क्रम्पी ही गावठी सायडर गोड-आंबट लागते पण चांगलीच चढते. ऊन, रिकामं पोट आणि सायडर हे एकत्र आलं की संध्याकाळची ट्रिप तिथेच संपते.

शाकाहार आणि चखणा

मेन्यूवर व्ही लिहिलंय तेवढं बघून थांबू नका, आणि न लिहिलेल्या गोष्टी तर विचाराच. उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशरमध्ये, चिप्स बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. रोस्टसोबतचं यॉर्कशर पुडिंग दिसायला निव्वळ मैदा-अंड्याचं, पण तेही पुष्कळदा त्याच चरबीत फुगवलेलं असतं. ग्रेव्ही मांसाच्या रसाची. वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात आणि चीजच्या टोस्टवर तो सहज घालतात. स्कॉच एग म्हणजे आपल्याला वाटतं अंड्याची भजी. अंड्याभोवतीचं जाड आवरण डुकराच्या खिम्याचं असतं. पोर्क स्क्रॅचिंग्जचं पाकीट कुरकुऱ्यांसारखं दिसतं, आत तळलेली डुकराची कातडी. गटातला एखादा जण पोर्क किंवा बीफ खात नसेल तर चखण्याची पाकिटं टेबलावर ओतायच्या आधी वाचा.

आणखी एक, जे फार थोड्यांना माहीत असतं. कास्क एल नितळ करायला परंपरेने आयसिंग्लास घालतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. मासे न खाणारा पण बिअर घेणारा मित्र असेल तर बारवर विचारा, न गाळलेली किंवा व्हीगन एल आता पुष्कळ ठिकाणी मिळते.

चौदा ॲलर्जिक घटकांची माहिती द्यायला पबवाले कायद्याने बांधलेले आहेत, त्यामुळे असे प्रश्न विचारायला संकोच करू नका. फक्त ते ऑर्डरच्या आधी विचारा. जैन जेवण मात्र ऐनवेळी मागून मिळत नाही. आदल्या दिवशीच्या फोनवर "कांदा, लसूण, बटाटा नको" एवढं सरळ सांगा. ते नाही म्हणाले तर निदान सोबत डबा घ्यायचा हे कळतं.

डब्यावरून आठवलं. चिवडा, भाकरवडी, थेपले ट्रिपला असणारच, पण ते पबच्या टेबलावर उघडू नका. गावातला पब खाण्याच्या विक्रीवर तगून असतो. नुसत्या बिअरवर त्याचं भाडं आणि वीजबिल निघत नाही, आणि दरवर्षी असे कितीतरी पब कायमचे बंद होतात. आठ जणांनी दोन कोक घेऊन दुपारी दोन तास शेकोटीजवळची जागा अडवणं हेही त्यातलंच. डबा गाडीत किंवा टेकडीवर खा, पबात आलात की तिथलं काहीतरी घ्या.

दुसऱ्याच्या बैठकीत आहोत हे विसरणं

बारजवळच्या ठरावीक खुर्चीवर रोज संध्याकाळी तोच शेतकरी नाहीतर तोच मच्छीमार बसतो. ती जागा रिकामी दिसली तरी विचारून बसा. मोबाइलवर गाणी, ब्लूटूथ स्पीकर, तिसऱ्या पेगनंतरच्या अंताक्षरी, हे बंद. मराठीत मोठ्याने गप्पा मारल्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण खोली लहान आहे आणि आपण आठ आहोत एवढं भान हवं. डार्ट्स चालू असतील तर फेकणाऱ्याच्या आणि फळ्याच्या मधून जाऊ नका. चिखलाचे बूट दारात काढा. मोज्यांवर आत बसलेलं कुणाला खटकत नाही, गालिच्यावर चिखल खटकतो.

कुत्री असतात, बरीच असतात, आणि टेबलाखाली निवांत पडलेली असतात. भीती वाटत असेल तर ओरडू नका, पाय वर घेऊ नका. जेवणाच्या आतल्या खोलीत बऱ्याचदा कुत्र्यांना मनाई असते, तिथलं टेबल मागा. लहान मुलं सोबत असतील तर किती वाजेपर्यंत चालतील ते विचारा, काही ठिकाणी रात्री आठ-नऊनंतर मुलांना बसू देत नाहीत.

समुद्राकाठच्या पबात काउंटरवर एक पेटी दिसेल, बऱ्याचदा छोट्या होडीच्या आकाराची. आरएनएलआय या १८२४ पासूनच्या जीवरक्षक संस्थेची ती पेटी. लाइफबोटवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात: कुणी मच्छीमार, कुणी शिक्षक, कुणी पबचाच मालक. कॉर्नवॉलमधल्या मौझल गावातून १९ डिसेंबर १९८१ च्या वादळात एका जहाजावरच्या माणसांना वाचवायला लाइफबोट गेली आणि तिच्यावरचे आठही जण बुडाले. त्यांत गावातल्या शिप इनचा मालक होता. मौझलची नाताळची रोषणाई प्रसिद्ध आहे. दरवर्षी त्या तारखेला रात्री तासभर ती मंद करतात. त्या दिवसांत गेलात तर याची जाण ठेवा, आणि उरलेली नाणी पेटीत टाका.

एका दिवसात पाच पब

यादी लांबवू नका. दुपारी एक, संध्याकाळी एक, मधे चालणं, एवढं पुरे. नावाजलेला पब निवडताना तो कशासाठी नावाजलाय ते वाचा, नाहीतर निराश व्हाल. डॉर्सेटमधल्या वर्थ मॅट्रॅव्हर्सच्या स्क्वेअर अँड कंपासला काउंटरच नाही. अरुंद बोळात उभं राहून खिडकीतून सायडर आणि पेस्टी (सारण भरलेली भाजलेली मोठी करंजी) घ्यायची, बाहेर दगडी बाकांवर बसायचं, आणि आतल्या खोलीतलं जीवाश्मांचं छोटं संग्रहालय बघायचं. तीन पदार्थांचं साग्रसंगीत जेवण हवं असणाऱ्याने तिथे जाऊ नये, आणि ज्याला ती जागा कळली तो तिथून हलणार नाही. हॅम्पशरमध्ये हॅम्बल्डनजवळचा बॅट अँड बॉल क्रिकेटवेड्यांसाठी आहे: १८व्या शतकात हॅम्बल्डन क्लब समोरच्याच माळावर खेळायचा, कर्णधार रिचर्ड नायरन हाच पब चालवायचा, आणि त्या क्लबने इंग्लंडच्या संघालाही हरवलं होतं. समोरच्या मैदानावर सामना असेल तो रविवार निवडा. स्कॉटलंडमधल्या नॉइडार्टच्या ओल्ड फोर्जला रस्ताच जात नाही; मॅलेगहून बोट नाहीतर दोन दिवसांची डोंगरातली चाल. बोट चुकली तर रात्र तिथेच, म्हणून खोली आधी आणि पब नंतर.

यॉर्कशर डेल्समधला टॅन हिल इन ५२८ मीटरवर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच पब. नोव्हेंबर २०२१ मध्ये हिमवादळात साठेक लोक तिथे तीन रात्री अडकून पडले होते. पबवाल्यांनी त्यांची उत्तम बडदास्त ठेवली, पण तशा हवेत मुद्दाम जाण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते मार्चमध्ये निघायच्या सकाळी हवामान खात्याचा इशारा बघा, पबला फोन करून रस्ता उघडा आहे का विचारा, आणि गाडीत पांघरूण, पाणी, टॉर्च आणि पूर्ण चार्ज केलेली पॉवर बँक ठेवा. इशारा पिवळा असेल तर दरीतल्याच एखाद्या गावात टेबल शोधा. त्याहून गंभीर, म्हणजे अंबर असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.